दहिवर एका रात्रीचे, उपास वर्षभराचा

विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम पाच-सहा अंशांवर दहिवर, म्हणजे गोठलेले दव, पडते, हे पटकन पटत नाही. उष्ण कटिबंध म्हटला की डोळ्यांसमोर नारळ, घाम आणि डास येतात. पण पापुआ न्यू गिनीच्या मध्य डोंगररांगांत, समुद्रसपाटीपासून २,३०० मीटर आणि त्याहूनही वर, माणसे पिढ्यान्‌पिढ्या शेती करून राहत आली आहेत. जून १९७२ मध्ये तिथल्या एंगा भागात रात्रीचे आभाळ निरभ्र झाले आणि सकाळी रताळ्याची शेते पांढरी दिसली. ऊन चढले तसे पांढरे विरघळले आणि पाने काळी पडली, कढत पाण्यात बुडवून काढावीत तशी. पुढचे काही महिने अशा रात्री अधूनमधून येतच राहिल्या.

सरकार मदतीला धावले. तांदूळ आणि इतर शिधा घाट चढून वर गेला, महिनोन्‌महिने वाटला गेला, माणसे जगली. एवढ्यावर ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. तरीही डोंगरी भागातल्या दुष्काळाचा अभ्यास करणारे लोक गेली पन्नास वर्षे १९७२ वर वाद घालत आहेत. शिधा द्यावा की नाही, यावर फारसे कोणी भांडत नाही. तो कुठे द्यावा, कधी द्यावा आणि केव्हा थांबवावा, यावर मात्र एकमत होत नाही. त्या वादात शिरायचे तर आधी तिथले रताळे समजून घ्यावे लागते.

जागा आणि माणसे

एंगा हा आज स्वतंत्र प्रांत आहे, वाबाग हे त्याचे मुख्य ठाणे. १९७२ मध्ये तो वेस्टर्न हायलँड्स जिल्ह्याचा भाग होता आणि सगळ्या मुलखावर ऑस्ट्रेलियाचा अंमल होता. देश स्वतंत्र झाला १६ सप्टेंबर १९७५ रोजी. बाहेरच्या जगाला या डोंगरांत एवढी माणसे राहतात हे कळले तेच मुळी १९३० च्या दशकात. जिम टेलर आणि जॉन ब्लॅक या ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्यांची पायी मोहीम १९३८-३९ मध्ये या भागातून गेली. म्हणजे पहिला गोरा माणूस ज्याने ऐन तारुण्यात पाहिला, तो एंगा शेतकरी या दहिवराच्या वेळी पन्नाशीत होता. १९४१ चे मोठे दहिवरही त्याने पाहिलेले होते. हा हिशेब ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

वर्षभर हवामान जवळपास सारखेच. उन्हाळा-हिवाळा असा भेद फार नाही. फरक आहे तो दिवस आणि रात्रीत. दिवसा अंगावर ऊन घ्यावेसे वाटते, रात्री शेकोटीशिवाय झोप लागत नाही. ढग मात्र भरपूर असतात, आणि हे ढगच या शेतीचे खरे पांघरूण.

‘गाव’ हा शब्द मी सोयीसाठी वापरतो आहे. एंगांमध्ये दाटीवाटीचे गावठाण नसते. एका कुळाची हद्द असते आणि त्या हद्दीत घरे विखुरलेली. पुरुषांचे घर वेगळे, बायका-मुलांचे वेगळे. रात्री डुकरे बायकांच्या घरातच एका बाजूला बांधलेली. कुळातल्या कुळात लग्न चालत नाही. सगोत्र विवाहाची अडचण ठाऊक असणाऱ्या मराठी वाचकाला याचा अर्थ फोड करून सांगायला नको: प्रत्येक घरातली सून बाहेरची, प्रत्येक घरातली मुलगी बाहेर दिलेली. सोयरीक शेजारच्या कुळाशी असते, तशी खालच्या खोऱ्यातल्या कुळाशीही असते. शिवाय ‘ते’ नावाची डुकरांच्या देवघेवीची मोठी साखळी आहे. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात डुकरे जातात, काही वर्षांनी उलट दिशेने परत येतात, आणि कोण कुणाचे देणे लागतो हे सगळ्यांना तोंडपाठ असते. नकाशावर एकाकी दिसणारी वस्ती या दोरांनी दूरवर बांधलेली असते. सरकारी वहीत मात्र तिची नोंद एक ठिपका म्हणून.

कणगी जमिनीतच

आपल्याकडे रताळे उपवासाचे. तिथे ते रोजचे, तिन्हीत्रिकाळ. टोक पिसिन या तिथल्या सामायिक भाषेत त्याला काउकाउ म्हणतात. मूळ दक्षिण अमेरिकेतले हे पीक न्यू गिनीत सुमारे तीनशे वर्षांपूर्वी पोहोचले असे मानतात. त्याआधी डोंगरात अळवाच्या कंदांची शेती होती, आणि तीही फार जुनी: कुक इथल्या दलदलीत हजारो वर्षांपूर्वीचे पाट आणि ढीग सापडले आहेत, म्हणून २००८ मध्ये ती जागा जागतिक वारसा यादीत गेली. पण अळवाला उंची सोसत नाही. रताळे त्याच्याही वर, २,७०० मीटरच्या आसपासपर्यंत तग धरते. त्यामुळे माणसे वर सरकली, आणि माणसांबरोबर डुकरेही, कारण डुकरांनाही रताळेच लागते. पिकातला निम्म्याच्या आसपास वाटा त्यांच्या पोटात जातो असे काही ठिकाणी मोजमापात दिसले आहे. म्हणजे एंगातली वरची वस्ती हीच मुळात रताळ्याची देणगी, आणि त्याच्या सहनशक्तीच्या अगदी टोकावर उभी राहिलेली.

खाली समुद्राकाठी रताळे चार-पाच महिन्यांत काढता येते. २,३०० मीटरवर त्याला आठ-नऊ महिने तरी लागतात, काही ठिकाणी वर्षही. सगळे एकदम काढतही नाहीत. बाई काठीने माती उकरते, बोटांनी चाचपून मोठे कंद तोडून घेते आणि छोटे पुन्हा मातीखाली ढकलून ठेवते. दोन-चार महिन्यांनी त्याच ढिगाकडे परत येते. काढलेले रताळे फार दिवस टिकत नाही, म्हणून साठवणीची कोठी नाही. जमीन हीच कणगी. रोजचे रोज काढायचे, बिलुममध्ये, म्हणजे दोरीच्या विणलेल्या झोळीत भरायचे, झोळीचा पट्टा कपाळावर घेऊन घरी आणायचे.

आता या शेतीचे एक ठिकाण जवळून बघू. शेतभर मातीचे गोल ढीग असतात, सुमारे तीन मीटर व्यासाचे, गुडघ्यापासून मांडीपर्यंत उंच. एक ढीग करायचा तर आधी जमीन गोलाकार मोकळी करतात आणि मधे खळगा ठेवतात. त्यात जुने वेल, उपटलेले तण, गवत असा सगळा पाला कोंबतात. एका ढिगात वीसेक किलो सहज जातो. तो काही आठवडे कुजू देतात. मग कडेची माती वर ओढून ढीग बंद करतात आणि त्यात वेलाचे तुकडे खोचतात. दुसरे बियाणे लागत नाही. वेल हेच बेणे. मागच्या पिकाचा हिरवा वेल कापला की पुढचे पीक लागले.

भूगोलतज्ज्ञ एरिक वॉडेल यांनी १९६० च्या दशकात या ढिगांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचे म्हणणे असे की ढीग फक्त खतासाठी नाही. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून ओघळून सखल जागी साचते. ढिगाच्या माथ्यावरचा वेल त्या थंड थराच्या थोडा वर राहतो, आणि आत कुजणारा पाला मातीला किंचित ऊब देतो. एखाद-दोन अंशांचाच फरक. पण हलके दहिवर आणि मारक दहिवर यांच्यातही अनेकदा तेवढेच अंतर असते.

दहिवर कसे पडते

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. एंगातली करामतही त्याच जातीची. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता आकाशात सोडते. वर ढग असले तर ती अडते. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला आणि हवा कोरडी असेल तर पहाटेपर्यंत पानाचे तापमान शून्याखाली जाते, जरी माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ते दोन-तीन अंश असले तरी. म्हणून डोंगराच्या कुशीतली शेते वाचतात आणि खोलगट खोऱ्याच्या तळाशी, दलदलीच्या कडेची शेते मरतात. काळ्या सुपीक मातीची सपाट जमीन, जी एरवी सगळ्यात चांगली, तीच त्या रात्री सगळ्यात वाईट.

एल निनोच्या वर्षी पश्चिम प्रशांत महासागरावरचा पाऊस पूर्वेकडे सरकतो आणि न्यू गिनीवरचे ढगांचे पांघरूण उडते. १९४१, १९७२, १९९७, २०१५ ही मोठ्या दहिवराची सगळी वर्षे एल निनोची. म्हणजे दहिवर एकटे येत नाही, कोरड घेऊन येते.

एका दहिवराने पाने मरतात, जमिनीतले कंद लगेच मरत नाहीत. वेल पुन्हा फुटू शकतो. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पडले की फुटलेला कोंबही जातो. कंद अजून काही आठवडे खाता येतात. मग ते पाणचट होतात, सडतात. दहिवराच्या दुसऱ्या दिवशी म्हणूनच कुणी उपाशी नसते, उलट सडण्याआधी खाऊन टाका म्हणून घाईने काढणी चालते. वरून विमानातून बघणाऱ्याला काळे शेत दिसते आणि खाली लोक जेवत असतात. दोन-तीन महिन्यांनी उलटे होते: शेतात हिरवळ परतते आणि चुली थंड पडतात. टोक पिसिनमध्ये भुकेच्या काळाला ‘टाइम बिलाँग हंगरे’ म्हणतात. तो काळ कधी सुरू होईल हे मातीत हात घालणारी बाई ओळखते, पाहणीला आलेल्या माणसाला ते नुसत्या नजरेने कळत नाही.

आणि सगळ्यात मोठा घाव अन्नावर नसतोच. वेल मेले म्हणजे बेणे गेले. ढिगात खोचायला हिरवा तुकडाच नाही. पाऊस परतला, माती ओली झाली, हात रिकामे आहेत, पण लावायचे काय? बेणे आणायचे तर ते जिथे मेलेले नाही तिथून, म्हणजे खालून.

त्यांचा जुना उपाय

वॉडेल यांच्या मते या लोकांनी दहिवराशी तीन पातळ्यांवर जुळवून घेतले होते. पहिली पातळी ढिगाची, ती आपण पाहिली. दुसरी कुळाच्या हद्दीतली: एकाच घराची शेते निरनिराळ्या जागी, काही तळाशी, काही उतारावर, चालत तास-दोन तासांच्या अंतरावर. तळाचे गेले तर उतारावरचे राहते. तिसरी पातळी मोठ्या दहिवराची. दोन्ही ठिकाणचे गेले की माणसे उठतात आणि दोन-तीन दिवस चालून खालच्या खोऱ्यात सोयऱ्यांकडे जातात. डुकरे जमतील तेवढी मारून खातात, काही सोयऱ्यांकडे राखायला देतात, काही सोबत हाकलतात. तिथे सोयऱ्याच्या जमिनीत शेत लावायचे, पीक येईपर्यंत त्याच्या घरचे खायचे, आणि वर्ष-दोन वर्षांनी बिलुममध्ये वेलाचे भारे घेऊन परत चढायचे.

इथे सोयरिकीचा आणि डुकरांच्या देवघेवीचा खरा उपयोग दिसतो. चांगल्या वर्षी खाली पोहोचवलेले डुक्कर हे वाईट वर्षाच्या वस्तीचे भाडे. बायकोचे माहेर, बहिणीचे सासर, आईचे भाऊ: ज्या घरांची नावे लग्नातल्या डुकरांच्या हिशेबात येतात, तीच घरे दहिवरात दार उघडतात. वरच्या कुळाला खाली सोयरीक ठेवावीच लागे. खालच्यांनाही वरच्यांचा उपयोग होता: भांडणात माणसे, जंगलातला माल आणि सणासुदीला डुकरे.

हे चित्र फार गोड वाटायला लागले असेल तर जरा थांबा. नंतरच्या अभ्यासकांनी वॉडेल यांना इथेच धरले. जुन्या स्थलांतरांच्या आठवणींत वाटेवर मेलेली म्हातारी माणसे आहेत, लहान मुले आहेत. दीड हजार मीटरच्या खाली उतरले की हिवताप गाठतो, आणि वरच्या माणसाच्या अंगात त्याला तोंड द्यायची ताकद नसते. यजमानही किती दिवस पोसणार? पाहुणा आणि मासा तीन दिवसांनी वास मारतो असे कुणी म्हटले नाही, तरी दुसऱ्याच्या जमिनीत वर्षभर राहणे ही दोघांचीही परीक्षा असते. मागे सोडलेली रिकामी हद्द म्हणजे शेजारच्या वैरी कुळाला आमंत्रण. थोडक्यात, उपाय होता, पण त्याची किंमत माणसांत मोजली जाई.

१९७२ चा निर्णय

आता सरकारच्या जागी बसून बघा. १९७२ हे साल पापुआ न्यू गिनीत राजकीय घुसळणीचे होते. निवडणुका होऊन मायकल सोमारे मुख्यमंत्री झाले होते, स्वराज्य दाराशी आले होते. डोंगरात लोक उपाशी मेले, ही बातमी ऑस्ट्रेलियाच्या अंमलाला परवडणारी नव्हती आणि नव्या मंडळींनाही नव्हती. काळी पडलेली शेते डोळ्यांसमोर होती. रस्ता झालेला होता: ले बंदरापासून हायलँड्स हायवेने माल वर येऊ शकत होता आणि जिथे रस्ता नाही तिथे विमान होते. शिधा जिथे लोक आहेत तिथे पोहोचवायचा, हा निर्णय कुणीही घेतला असता. मीही घेतला असता.

पण शिधा वाटायचा तर लोक एका जागी हवेत. यादी हवी, डोकी मोजलेली हवीत. खाली निघालेल्यांना प्रशासनाने थोपवले, गेलेल्यांना परत फिरायला सांगितले. प्रशासनाच्या दृष्टीने हे सरळ होते: भुकेली माणसे वाटेवर पांगली तर हाल होतील, भांडणे होतील, रोग पसरतील. त्यात खोटे काही नव्हते. फक्त ज्या वस्तीला ते ‘गाव’ समजत होते तिचा निम्मा संसार खालच्या खोऱ्यात होता, हे वहीत कुठे लिहिलेले नव्हते.

परिणाम दोन झाले, आणि दोन्ही लगेच दिसले नाहीत.

एक, सोयरिकीचा दोर एक मोठे वर्ष वापरात आला नाही. असा दोर वापरानेच टिकतो. जो खाली जाऊन राहिला नाही, त्याच्यावर कुणाचे ऋण चढले नाही. ऋण नाही तर फेडायला डुक्कर न्यायचे कारण नाही. वॉडेल यांचा मुख्य आक्षेप हाच होता: मदतीने भूक भागवली, पण पुढच्या दहिवरासाठी लोकांना सरकारच्या दाराशी बांधून ठेवले. १९४१ मध्ये जो तरुण स्वतःच्या पायांनी खाली उतरला होता, तो १९७२ मध्ये पन्नाशीचा होऊन रांगेत उभा होता.

दुसरा परिणाम बेण्याचा. लोक खाली गेले असते तर परतताना वेल आणले असते. वर थांबले म्हणून वेल दुसऱ्या कुणीतरी आणून द्यावे लागले, आणि ट्रकमधून आलेल्या वेलाला वरची उंची मानवेल याची खात्री काय? रताळ्याच्या एकेका वस्तीत कितीतरी जाती लावलेल्या असतात, आणि कोणती जात कुठल्या ढिगात चालते हे बाई जाणते. खालच्या खोऱ्यात वर्षभर राहून आलेली बाई निवडून, लावून पाहिलेले वेल आणते. हा फरक शिध्याच्या हिशेबात कुठेच बसत नाही.

वॉडेल यांचे म्हणणे मला निम्मे पटते. दोर तुटत होते हे खरे, पण ते दहिवराच्या आधीपासून तुटू लागले होते. कुळांची भांडणे थांबल्यावर, रस्ता आल्यावर, पायरेथ्रम (कीटकनाशकासाठी पिकवतात ते फूल) आणि कॉफीचे रोख पैसे हातात आल्यावर खालच्या सोयऱ्याची गरज तशीही कमी झाली असती. आणि ज्यांची मुले वाटेवर मेली असती, त्यांच्यापैकी कुणालाही रांगेतल्या तांदळाबद्दल तक्रार नसावी.

१९९७: पुन्हा तेच, पण निराळे

पंचवीस वर्षांनी मोठा एल निनो आला तेव्हा या वादाची परीक्षा झाली. १९९७ च्या मध्यापासून पाऊस थांबला आणि डोंगरात पुन्हा पुन्हा दहिवर पडले. ब्रायंट ॲलन आणि माइक बर्क या अभ्यासकांच्या पुढाकाराने देशभर दोन पाहण्या झाल्या. पाहणाऱ्या तुकड्या गावोगाव गेल्या आणि प्रत्येक भागाला अन्नाच्या स्थितीनुसार एक ते पाच अशी श्रेणी दिली. पाच म्हणजे रानातल्या पाल्या-कंदांवर आलेले लोक. वर्षअखेर सुमारे १२ लाख लोक, म्हणजे ग्रामीण लोकसंख्येच्या जवळपास ४० टक्के, गंभीर टंचाईत असल्याचा अंदाज निघाला. ऑस्ट्रेलियाच्या सैन्याने ‘ऑपरेशन प्लेस ड्राय’ या नावाने कॅरिबू विमाने आणि ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरने मदत पोहोचवली, ती मुख्यतः जिथे रस्ताच नाही अशा ठिकाणी.

मला या वर्षातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली: लोक पुन्हा चालत निघाले. पंचवीस वर्षांपूर्वी दोर तुटला म्हणून शोक केला होता, तो दोर बराच शिल्लक होता, फक्त त्याचे दुसरे टोक हलले होते. आता माणसे केवळ खालच्या खोऱ्यातल्या सासुरवाडीला जात नव्हती, तर शहरात, मळ्यात, खाणीच्या गावात नोकरीला असलेल्या आपल्या माणसाकडेही. ‘वानटोक’ म्हणजे आपली बोली बोलणारा, आपला माणूस. त्याने पाठवलेल्या पैशातून दुकानातला तांदूळ विकत घेतला गेला. त्या वर्षी कॉफीला चांगला भाव होता, हे डोंगराचे नशीब. सरकारी आणि परदेशी मदतीची छायाचित्रे सगळीकडे छापून आली, पण बहुतेक घरे तगली ती विकत घेतलेल्या आणि नातलगांनी पाठवलेल्या तांदळावर. हेलिकॉप्टरचा फोटो निघतो. पगारातून काढून पाठवलेल्या नोटांचा कोण काढणार?

पण १९७२ पेक्षा एक अडचण मोठी होती. कोरड इतकी पसरलेली होती की खालची खोरीही सुकली. वरच्यांना आसरा देणाऱ्या सोयऱ्याच्याच कणगीत तळ दिसत होता. झरे आटले, उरलेल्या डबक्यांतले पाणी पिऊन हगवण पसरली. जुना उपाय या गृहीतावर उभा होता की दहिवर वर पडते आणि खाली सगळे ठीक असते. ते गृहीत चुकले की वॉडेल यांची तिसरी पातळी कोलमडते.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. पाऊस परतला की संकट संपले असे आपण धरून चालतो. रताळ्याच्या बाबतीत उलट घडते. लांबलेल्या कोरडीत मातीत नत्र साचते. पाऊस पडला की ते एकदम मोकळे होते, वेल माजतो, शेत हिरवेगार दिसते, आणि खाली कंदच धरत नाही. लावणीनंतर कंद धरण्याच्या आठवड्यांत माती फार ओली राहिली तरीही तेच. बर्क यांनी वर्षानुवर्षे हे दाखवून दिले आहे की डोंगरातली रताळ्याची टंचाई पुष्कळदा कोरडीतून नाही, तर काही महिने आधीच्या अतिपावसातून येते. त्यात माणसाच्या स्वभावाची भर: टंचाई आली की सगळे घाबरून भरपूर लावतात, पुढे पिकाचा महापूर येतो, मग कुणी नव्याने लावत नाही, आणि आणखी वर्षभराने पुन्हा खड्डा. काळ्या शेताचा फोटो काढून गेलेला पाहुणा हिरवे शेत पाहून मदत थांबवा म्हणतो, तेव्हा ढिगात हात घालणाऱ्या बाईला नुसत्या मुळ्या लागत असतात.

मग काय करायला हवे होते

१९७२ च्या जूनमध्ये निर्णय माझ्या हाती असता तर शिधा मी थांबवला नसता. पण त्याचा बराच भाग खाली वाटला असता, ज्या घरांनी वरच्या सोयऱ्यांना ठेवून घेतले त्या घरांत. पाहुणा आला तर त्याच्यापाठोपाठ तांदळाचे पोतेही आले, एवढे समजले असते तर यजमानाचे दार अधिक दिवस उघडे राहिले असते आणि वरच्याला रांगेसाठी वर थांबावे लागले नसते. यात लबाडी शिरली असती हे मला कळते. खोटे पाहुणे यादीत चढले असते. वरच्या रांगेतही चढतातच. म्हातारे, लहान मुले आणि गरोदर बायकांना खाली हिवतापात न ढकलता वरच पोसले असते.

दुसरे, पहिल्याच आठवड्यात, लोक अजून जमिनीतले रताळे खात असताना, वेलांची सोय. उतारावर वाचलेल्या शेतांतले वेल कुणाचे, कोण किती कापणार, हे कुळांशी बोलून ठरवावे लागते. नंतर भुकेच्या दिवसांत ते बोलणे भांडणात जाते. शिवाय बटाटा: तो तीन-चार महिन्यांत निघतो आणि थंडी जरा जास्त सोसतो. वरच्या खोऱ्यांत पुढे त्याची लागवड रुजली. अर्थात त्यालाही लगेच देव मानू नये. २००३ मध्ये उशिरा येणारा करपा देशात शिरला आणि फवारणीशिवाय बटाटा घेणे अवघड होऊन बसले.

तिसरे, थांबवण्याची तारीख. १९७२ असो की १९९७, मदतीचे घड्याळ दहिवराच्या तारखेपासून चालू झाले आणि हिरवळ दिसेपर्यंत चालले. चालायला हवे होते ते लावणीच्या तारखेपासून, पहिली खरी काढणी होईपर्यंत.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये कांडेप आणि तांबुल या उंच खोऱ्यांत पुन्हा दहिवर पडले. तोवर डोंगरात मोबाइल आलेला होता, त्यामुळे पांढऱ्या शेतांचे फोटो शहरातल्या वानटोककडे लवकर पोहोचू शकत होते, आणि फोटोपाठोपाठ पैसेही. वेल मात्र मोबाइलवरून पाठवता येत नाहीत. ते अजूनही बिलुममध्ये, ओल्या पाल्यात गुंडाळून, कपाळावरच्या पट्ट्याने चढावे लागतात. वर पोहोचल्यावर हातभर तुकडे कापायचे, ढिगाच्या माथ्याजवळ दोन-दोन, तीन-तीन करून खोचायचे. आठ-नऊ महिन्यांनी बाई काठीने माती बाजूला करते, बोटांनी चाचपते, सगळ्यात मोठा कंद तोडून घेते आणि बाकीच्यांवर माती ओढते.